पहिला ‘नाही’ धरायचा नसतो

‘पहिला नाही हा नाही नसते, ताई. तो बोलण्याआधीचा खोकला असते,’ असं म्हणून लॉजच्या मालकांनी माझ्या ताटलीत आणखी एक पॅनकेक टाकला. मी ताटलीवर हात आडवा धरला होता. त्यांनी हाताच्या कडेनं, जिथं फट दिसली तिथून, तो अलगद सरकवला आणि मी काही बोलायच्या आत पलीकडच्या टेबलाकडे निघूनही गेले. तिथं एक गोरं जोडपं बसलं होतं. ‘नो, नो, वी आर फुल,’ दोघं एकदमच म्हणाले. ‘येस, येस, आय नो,’ म्हणत यांनी त्यांनाही वाढलं.

समोर बसलेला माझा मुलगा हळूच म्हणाला, ‘आई, या माणसावर एक दिवस कुणीतरी केस करणार आहे.’

मला मात्र इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कॅनडात आल्यापासून मला कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. इथली माणसं वाईट नाहीत हो, चांगली मायाळू आहेत. पण ‘चहा घेणार?’ असं विचारतात, आपण सवयीनं ‘नको, कशाला उगाच’ म्हणतो, आणि ती ‘ओके’ म्हणून स्वतःपुरता चहा करून आणतात. आल्या आल्या, बर्नाबीत, आम्ही राहतो तिथं, शेजारच्या बाईकडे मी अशीच एक अख्खी दुपार तोंड सुकवून बसले होते. तिनं विचारलं, मी नको म्हटलं, विषय संपला. घरी येऊन घटाघटा पाणी प्यायले.

तर हे मालक. सगळे त्यांना ‘बॉस’ म्हणत, मी मालक म्हणायची. मूळचे नागपूरचे. आयुष्यभर तिकडे टोरांटोच्या बाजूला कारखान्यात इंजिनियर होते. बायको गेल्यावर त्यांना घरात बसवेना. म्हणून इतक्या लांब, देशाच्या या दुसऱ्या टोकाला येऊन डोंगरातल्या तळ्याकाठी एक लाकडी लॉज घेतला. मुलगी मागं तिकडेच, मिल्टनला, आपल्या संसारात.

गाव अगदी लहान. एक रस्ता, एक बेकरी, एक पेट्रोल पंप आणि होड्या भाड्यानं देणारं दुकान, बस. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये हे तळं. तळं म्हणजे आपल्या गावातलं नव्हे. या काठावर उभं राहिलं तर पलीकडचा माणूस मुंगीएवढाही दिसत नाही. खाली जेवायची खोली, वर राहायच्या खोल्या, मागच्या दारातून उतरलं की धक्का आणि धक्क्याला बांधलेल्या होड्या. उन्हाळ्यात लोक पोहायला, वल्हवायला, डोंगर चढायला येतात आणि संध्याकाळी भूक भूक करत परततात. माझ्या सुनेला, प्राजक्ताला, हा लॉज नेटवर सापडला. ‘आई, मालक मराठी असणार. मेनूवर ट्राउट माशाच्या खाली पाटवडी रस्सा लिहिलाय.’ तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमची फेरी ठरलेली.

मालकांना मी कधी निवांत पाहिलं नाही. खुर्चीला हात लावायचे, जरा ओढायचेसुद्धा, आणि तेवढ्यात काहीतरी आठवायचं. बोलायचं असलं तरी चालता चालता. ‘चला ताई, जरा काठानं जाऊन येऊ,’ म्हणायचे आणि असे झपाझपा निघायचे की मला पदर खोचून मागं पळावं लागायचं. पण मलाही एका जागी चैन पडत नाही. मुलगा म्हणतो, आई टीव्हीसुद्धा उभ्यानं बघते. त्यामुळे आमचं जमलं.

त्यांचा एक खुळा नेम सांगते. खोली एकदा दिली की दिली, असं त्यांच्याकडे नव्हतं. पहिल्या वर्षी मी जेवणानंतर जरा पडले होते, तर दारावर टकटक. ‘ताई, उठा. ऊन तिकडे गेलं. तुम्ही आता कोपऱ्यातल्या खोलीत या, तिथून बर्फाचा डोंगर दिसून राहिला.’ मी म्हटलं, अहो, माझं सामान पसरलंय. ‘मी उचलतो ना जी!’ आणि उचललंच. माझं लुगडं, औषधाचा डबा, अर्धं विणलेलं स्वेटर, सगळं घेऊन पुढं. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर पुन्हा हलवलं, का, तर या खोलीच्या पत्र्यावर पाऊस छान वाजतो! लोक वैतागायचे. पण दुसऱ्या वर्षी तेच लोक परत यायचे आणि दुपार झाली की स्वतःच बॅग भरून जिन्यात उभे राहायचे.

अंगात बाराही महिने नारिंगी लाइफ जॅकेट. होडीत मात्र कधी पाऊल टाकलं नाही. मी विचारलं, ‘मालक, पाण्यात जात नाही तर हे कशाला?’

‘पाणी इकडे आलं तं?’ ते म्हणाले.

हसून म्हणाले की खरं म्हणाले, ते मला कळलं नाही. त्या जॅकेटच्या खिशात फोन असायचा, आणि फोनला हात लावायची त्यांना सारखी सवय. वाजलेला नसायचा, तरी काढून बघायचे.

आणि जेवण! नागपूरच्या माणसाचा आग्रह मी ऐकून होते, पण असा पाहिला नव्हता. भांडं घेऊन टेबलांमधून फिरत राहायचे. कुणी ‘नो, थँक यू’ म्हटलं की पुढं जायचे, एक चक्कर मारून परत यायचे, पुन्हा विचारायचे. पुन्हा नो. पुन्हा चक्कर. तिसऱ्यांदाही नो म्हटलं की मग कमरेत वाकून म्हणायचे, ‘नाऊ आय बिलीव्ह यू.’ अल्बर्टाहून दरवर्षी मासे धरायला येणारे काही गडी होते, त्यांनी तर उपाय शोधून काढला होता. मालक दिसले की सगळे एका सुरात ओरडायचे, ‘नोको, नोको, नोको!’ मालक खूश. पण वाढायचेच. म्हणायचे, ‘एका दमात तीनदा म्हटलेलं मी एकच धरतो.’

सगळेच काही हसणारे नव्हते. एकदा एका बाईनं चमचा खाली ठेवून स्पष्ट सांगितलं, ‘सर, मी नाही म्हणाले.’ मालकांचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. त्या दिवशी काठानं चालताना मी म्हटलं, ‘अहो, तिला नको असेल खरंच.’

‘नको असेल ना. पण तिला कोणी विचारून राहिलं, एवढं तं तिला कळलं पाह्यजे ना?’

ते मी मनात ठेवलं.

त्यांच्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका उन्हाळ्यात. नवरामुलांना मिल्टनला ठेवून चार दिवस बापाकडे आली होती. बापासारखीच उंच, तशीच झपझप चालणारी. मराठी समजतं सगळं, बोलताना अर्ध्यावर इंग्रजीत शिरते. संध्याकाळी मालक रस्सा घेऊन तिच्यापाशी आले. ती म्हणाली, ‘आय ॲम गुड, बाबा.’

आणि बघा, त्यांनी पळी मागं घेतली. लगेच. चक्कर नाही, खोकला नाही, काही नाही. मी घास तसाच धरून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी चालताना मी विषय काढला. ‘लेकीला बरं सोडलंत काल?’

‘तिचं येगळं आहे, ताई,’ ते म्हणाले. ‘शाळेत होती तेव्हा एकदा मी असंच वाढून राहिलो होतो, तं तिनं ताट ढकललं. रडली. म्हणे, बाबा, आय सेड नो, तुम्ही ऐकत काऊन नाही? तिची आई म्हणाली, इथं शाळेत तसंच शिकवतात, अन् चांगलं शिकवतात, पोरीच्या जातीला नाही म्हणता आलं पाह्यजे. मला पटलं. तेव्हापासून तिचा पहिला नाही म्हणजे नाही. तेवढं मी शिकलो.’

सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. लेक अशी ठाम निघाली याचा आणि आपण बदललो याचाही. मीसुद्धा म्हटलं, छान केलंत. त्याचा दुसरा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

मग तो धुराचा उन्हाळा आला. ऑगस्टात पलीकडच्या डोंगरांना आग लागली आणि तळं दिसेनासं झालं. सूर्य दुपारीच तांबडा. हेलिकॉप्टरं खाली बादली लटकवून यायची, तळ्यातलं पाणी उचलायची आणि धुरात शिरायची. कपड्यांना, केसांना, चहालासुद्धा धुराचा वास. गावाला ‘अलर्ट’ दिला होता; म्हणजे निघा असं अजून सांगत नाहीत, पण बॅग भरून दाराशी ठेवा. आमचे दोन दिवस राहिले होते. मुलगा सारखा फोनमध्ये रस्ता उघडा आहे का बघत होता, मी खाली-वर करत होते. लॉजमध्ये एक म्हातारं जोडपंही होतं, बसनं आलेलं, गाडी नसलेलं. म्हाताऱ्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी.

सकाळी आगीच्या बंबवाल्यांपैकी एक बाई पिवळं जॅकेट घालून दारात आली. भली बाई. तिनं मालकांना विचारलं, ‘तुमच्याकडे वयस्कर पाहुणे आहेत ना? बाहेर काढायला मदत हवीय का? व्हॅन पाठवू शकते मी.’

मालक म्हणाले, ‘नो, नो, प्लीज, डोन्ट ट्रबल युवरसेल्फ.’

‘ग्रेट! स्टे सेफ!’ ती म्हणाली, गाडीत बसली आणि गेली.

मालक पायरीवर उभे. हात अजून ‘नो नो’ करत वर धरलेला. धुरात तिच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे झाले तेव्हा ते वळले. ‘गेली?’

‘गेली,’ मी म्हटलं.

‘ताई, ती तं खरंच गेली ना बाप्पा!’

माझा मुलगा असला संतापला! ‘अंकल, तुम्ही हो का नाही म्हणालात? आपल्याला व्हॅन हवी होती!’

‘पहिल्याच विचारण्याला हो म्हणू? लाज वाटते ना, राजा!’

आम्ही त्या जोडप्याला आमच्या गाडीत घेतलं. मी मागं म्हातारीला चिकटून, पायाशी ऑक्सिजनचं नळकांडं, मांडीवर तिची पिशवी, आणि प्राजक्ता पुढं बसून रस्ता वाचतेय. मालक सगळ्यात शेवटी, दारंखिडक्या लावून, आपला पिकअप घेऊन आमच्या मागं. पुढं वारा फिरला, गाव वाचलं, आठवड्याभरात ते परतही गेले. आम्ही घरोघरी ही गोष्ट रंगवून सांगितली. ‘ती तं खरंच गेली’ ही आमच्या घरातली म्हणच झाली. बस चुकली, दूध उतू गेलं, की म्हणायचं, ‘ती तं खरंच गेली!’

पण पुढच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला तेव्हा हसू आलं नाही. ते स्वतः मात्र हसत होते.

‘ताई, पडलो ना मी. बर्फ शोव्हल करून राहिलो होतो, पाय सरकला. उठता येईना. रस्त्यानं बर्फ सारायची गाडी आली, ड्रायव्हरनं काच खाली केली, विचारलं, यू ओके, बॉस? मी म्हटलं, येस येस, आय ॲम फाइन. गेला ना जी तो!’

‘अहो, असं कसं म्हणालात?’

‘निघून गेलं तोंडातून. मला वाटलं, पुन्हा विचारंल.’

पुढं बेकरीवाली पाव द्यायला आली, तिनं काही न विचारता आरडाओरडा केला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली, म्हणून वाचले. कमरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, जिना बंद, बर्फ बंद आणि एकटं राहणं तर बंदच. लॉज विकायला काढावा लागला. शरद ऋतूत नवा मालक येणार, तोवर बेकरीवाली येऊन-जाऊन लक्ष ठेवणार, असं ठरलं.

मी विचारलं, ‘मग तुम्ही कुठं?’

फोनवर काठीची टकटक ऐकू येत होती. मोडक्या कमरेनंही माणूस चालतच होता. ‘खालच्या मोठ्या गावात सीनियर्स होम आहे. खोली मिळून राहिली. स्वच्छ आहे. जेवण ट्रेमध्ये येते. झाकण लावून.’ पुन्हा टकटक. ‘एकदाच येते.’

‘आणि मिल्टन? मुलगी काय म्हणते?’

‘विचारलं ना तिनं! दवाखान्यातच विचारलं. बाबा, डू यू वॉन्ट टु कम लिव्ह विथ अस? मी म्हटलं, नाही नाही, तुमची अडचण काऊन करू.’

‘मग?’

‘मग ती म्हणाली, ओके बाबा, इफ यू आर शुअर.’

टकटक थांबली. मी फोन कानाला लावून आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत जाऊन आले.

‘तुम्ही सांगा ना तिला,’ मी म्हटलं.

‘काय सांगू? मला पुन्हा विचार, असं? मागून घेतलेला आग्रह असते का कुठं, ताई?’

फोन ठेवला तरी ते माझ्या डोक्यातून जाईना. ज्या माणसानं जन्मभर साऱ्या जगाला तीनतीनदा विचारलं, त्याला विचारणारं एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला एकदाच विचारायचं हे त्यांनी स्वतःच शिकवलेलं. ती त्यांचा शब्द मानून गप्प बसली. मालक तिचा शब्द मानत आले, तसंच. चूक कुणाची म्हणायची? कुणाचीच नाही. पण माणूस ट्रेवरचं झाकण उघडायला निघाला होता.

ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, आम्ही गेलो. मुलगा म्हणाला, ‘शेवटचं जेवून येऊ,’ आणि प्राजक्ता म्हणाली, ‘असं अभद्र बोलू नकोस.’ डोंगरांवर बर्फ उतरलं होतं, होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. दुसरे पाहुणे नव्हतेच. मुलगी आवराआवरीला आली होती. मालक काठी टेकत, जॅकेट घालून, या खोलीतून त्या खोलीत. काही उचलायचे, कुठं ठेवायचं ते न सुचून परत जागेवर ठेवायचे.

मी आणि मुलगी वरच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होतो. मोठ्या चादरी, दोघींनी टोकं धरायची, जवळ यायचं, पुन्हा लांब जायचं. मी म्हटलं, ‘बाबांना मिल्टनला नेत का नाहीस?’

‘मी विचारलं, आंटी. ही सेड नो.’

‘पुन्हा विचार.’

‘पण ते नाही म्हणाले ना! ही इज ॲन ॲडल्ट. मी त्यांच्यावर प्रेशर नाही आणू शकत. मला कुणी तसं केलं तर मला आवडणार नाही.’

‘अगं, त्यांचा पहिला नाही खरा नसतो.’

‘मग तसं म्हणतात कशाला?’ ती एकदम चिडली. ‘सगळ्यांनी कोडी सोडवत बसायचं का? आय ॲम सो टायर्ड ऑफ धिस. लहानपणापासून. आमच्या घरी कुणालाच कधी काही नकोच असायचं!’

खरं होतं तिचं. मी चादर ताणली. ती जवळ आली, टोकं माझ्या हातात दिली, पण हात सोडला नाही. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, ‘आंटी, आणि मी परत विचारलं, आणि ते हो म्हणाले तर?’

तेव्हा मला कळलं. इतके महिने मी समजत होते की पोरीला रीत ठाऊक नाही. पोरीला सगळं ठाऊक होतं. घर लहान, नवरा घरून काम करणारा, दोन मुलं, आणि हा असा बाप, जो कुणाला एका खोलीत सुखानं बसू देणार नाही. त्यांच्या ‘नाही’नं तिची सुटका झाली होती आणि त्या सुटकेनं तिला झोप नव्हती.

मी म्हटलं, ‘मग नको विचारूस, बाळा. खरंच. पहिल्यांदा विचारणं ही रीत असते. दुसऱ्यांदा विचारलं की द्यावं लागतं. द्यायचं नसलं तर विचारू नये. मी नावं ठेवणार नाही.’

तिनं चादर माझ्या हातातून घेतली, कशीतरी गुंडाळून पलंगावर टाकली आणि जिना उतरून बाहेर गेली.

ती दुपार कशी गेली ते माझं मला माहीत. खिडकीतून बघितलं तर मुलगी काठानं उजवीकडे चाललेली. जरा वेळानं मालक काठी टेकत डावीकडे. ती परत आली, वळली, पुन्हा गेली. ते धक्क्यापाशी थांबले, खिशातून फोन काढून बघितला, ठेवला. मी या खिडकीतून त्या खिडकीत. मुलगा मागून आला. ‘आई, तू काय बोललीस तिला?’

‘काही नाही.’

‘म्हणजे बरंच काही.’

‘तू होड्या बघ जा,’ मी म्हटलं.

संध्याकाळी जेवायच्या खोलीत एकच टेबल मांडलं. पाटवडी त्यांनी कुणाला करू दिली नाही. एका हातानं काठी, एका हातानं पळी, पातेलं ढकलगाडीवर, असं वाढणं चाललेलं. रस्सा असा झणझणीत की प्राजक्ताच्या नाकातून पाणी. मुलगी सगळ्यात शेवटी आली, बूट ओले, नाक गारठ्यानं लाल. बसली. मालकांनी तिला वाढलं आणि पुढं सरकले.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘मिल्टनला या.’

मालक पाठमोरेच होते. ‘नाही नाही, बेटा,’ त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, ‘तुमची अडचण कशाला.’

आता यावर काय म्हणायचं ते आपल्याला सगळ्यांना पाठ असतं. ‘अडचण कसली, बाबा! घर तुमचंच आहे.’ मी मनातल्या मनात तिला शब्द पुरवत होते. म्हण गं, म्हण.

ती म्हणाली, ‘हो. अडचण होणार आहे.’

माझ्या मुलाचा घास हातातच राहिला.

‘खूप होणार आहे,’ ती म्हणाली. मराठीतूनच बोलत होती, अडखळत, एकेक शब्द शोधून. ‘आपण भांडणार. तुम्ही माझ्या किचनमध्ये सगळं हलवणार. बेसमेंटमध्ये जागा नाही, तिथे ट्रेडमिल आहे आणि मुलांचा पसारा आहे. मी दमणार. मला आत्ताच माहितीय. तरी या.’

मालक वळले. पळीतून रस्सा टपटप जमिनीवर गळत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ‘त्रास कसला’ म्हणणाऱ्याला कसं परतवायचं, याचे शंभर प्रकार त्या माणसाला येत होते. ‘त्रास होईल, तरी या’ असं कुणी म्हटलं तर पुढं काय म्हणायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून पाटवडी मोडत बसले.

मुलगी ताट न ढकलता, मान वर करून, बापाकडे बघत होती.

‘मग ते ट्रेडमिल,’ मालक घसा साफ करत म्हणाले, ‘ते कुठं ठेवशील?’

मुलीचा चेहरा पडला. ती माझ्याकडे झुकून कुजबुजली, ‘आंटी, इज दॅट अ नो?’

‘नाही गं बाई,’ मी म्हटलं. ‘तू ट्रेडमिलचं सांग.’

तिनं डोळे पुसले. ‘गराजमध्ये?’

‘गराजमध्ये थंडीनं बिघडंल ते,’ मालक म्हणाले. ‘राहू दे. मी येऊन पाहतो.’